मदत हवी आहे: युगांडातल्या हापशीचं लाल पाणी

नमस्कार. यवतमाळकडचे आम्ही चौघे हापशी मिस्त्री चर्चतर्फे दोन आठवडे युगांडात सेवेला जातोय. यलो फीवरची लस, व्हिसा झालं. तिथली यू-२ हापशी म्हणजे आपली इंडिया मार्क टूच.

सकाळच्या पहिल्या दोन-तीन बादल्या लाल येतात, त्या पाण्याचा चहा काळा पडतो. तासभर हापसलं की पाणी स्वच्छ. पीएच ५.८, म्हणजे पाणी आम्लधर्मी. म्हणजे जमिनीतलं लोह नव्हे, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइपच गंजतोय. तिथल्यांनी बकेट वॉशर (आतल्या पिस्टनवरचे) बदलून पाहिले. त्यानं फरक पडणार नव्हताच.

१४ पाइप, ४२ मीटर. स्टेनलेसचे पाइप आणि रॉड तिथेच घेऊ, कारण विमानात माणशी २३ किलोच सामान. पण पाइप जिला अडकवतात ती हापशीच्या डोक्याखालची छोटी टाकी जीआयचीच राहील. दोन वेगळ्या धातूंच्या त्या जोडावर टाकीकडचे आटे लवकर गंजून खाल्ले जातील का? असा जोड कोणी दिला असेल, तर मधे काय घातलंत?