शब्दचर्चा : गाठ 'आनुवंशिक' की 'जनुकीय'?

परभणीकर : फायब्रॉइडवरील, म्हणजे गर्भाशयातील गाठींवरील, आरोग्यपत्रकाचे भाषांतर करताना 'जेनेटिक'साठी मी 'आनुवंशिक' लिहिले. ते ऐकताच जिंतूरच्या मावशींनी विचारले, "म्हणजे पोरीच्या सोयरिकीत हे सांगावं लागंल का?" दुसरा शब्द सुचवावा.

अंबाजोगाईची प्रयोगशाळा : 'जनुकीय' लिहा. हेलसिंकीच्या संशोधकांनी 2011 साली 80 स्त्रियांच्या 225 गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे 70 टक्के गाठींत एमईडी12 या जनुकात बदल आढळला. हा बदल गर्भाशयाच्या स्नायूतील एखाद्याच पेशीत पुढे कधीतरी घडतो आणि तिच्यापासून गाठ वाढते. तो स्त्रीबीजात नसल्यामुळे लेकीकडे जात नाही. एकाच पिशवीतल्या दोन गाठींतील बदलही वेगवेगळे असू शकतात.

नांदेडची शिक्षिका : मग आमच्या घरी आईला, मला आणि बहिणीलाही गाठी झाल्या, त्याला काय म्हणावे? शिवाय हे दोन शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर वेगळे कोण मानतो?

अंबाजोगाईची प्रयोगशाळा : गाठी होण्याचा कल घराण्यात असू शकतो. एफएच जनुकातील दोष तर थेट आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि त्यात त्वचेवरील गाठी व मूत्रपिंडाचा कर्करोगही संभवतो. पण अशी घराणी विरळा. तिथे 'आनुवंशिक' अवश्य लिहा. एरवीच्या बदलाला 'कायिक उत्परिवर्तन' हा नेमका शब्द आहे.

लातूरकर वकील : 'कायिक उत्परिवर्तन' मावशींना एकदा म्हणून दाखवा! आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, त्यामुळे 'पेशीत बिघाड' वाचून पक्षकार माझ्याच दारी येतील. निजामाच्या काळापासून जमिनीसाठी चालत आलेला 'मौरूसी' शब्द वंशातून आलेल्या दोषाला का चालू नये?

धाराशिवकर : 'पिढीजात' हा आपला शब्द असताना कचेरीतला फारसी शब्द कशाला?

लातूरकर वकील : तो मुळात अरबी आहे, आणि 'वारस'ही त्याच धातूचा. तोही टाकणार का?

नांदेडची शिक्षिका : आमची आजी गाठीला 'रसोळी' म्हणे, आत रस साचतो म्हणून.

अंबाजोगाईची प्रयोगशाळा : फायब्रॉइडमध्ये रस नसतो, ती स्नायू आणि तंतूंची घट्ट गाठ असते, त्यामुळे आजींची व्युत्पत्ती निदान या गाठीला तरी लागू पडत नाही.

परभणीकर : पत्रकात मी 'गाठीतल्या जनुकात झालेला बदल' असे लिहिले आहे. मावशींचा नवा प्रश्न असा, की जनूक म्हणजे जंतू का?

धाराशिवकर : 'रसोळी' हिंदीतून आला असावा, असे माझे मत आहे.