सुट्ट्यांच्या तोंडावर जास्त पिकलेली फळं: लोफमध्ये गर किती, सोडा किती?

ताजी_वाफ

सुट्ट्या आठ-दहा दिवसांवर आल्या आहेत. घरात आठ केळी सालीसकट काळी पडली आहेत, किलोभर पेअर इतके मऊ झालेत की उचलताना बोटं रुततात, आणि थोड्या ब्लूबेरी सुरकुतू लागल्यात. पाहुणे यायच्या आधीच लोफ (लांबट टिनमध्ये भाजलेला केक) करून ठेवायचा विचार आहे, एखाद-दोन भेट द्यायलाही. पण पाककृतींमध्ये नुसतं ‘तीन केळी’ लिहिलेलं असतं. तीन म्हणजे किती ग्रॅम? केळ्याच्या जागी पेअरचा गर तेवढाच घालून चालतो का? बेकिंग सोडा घ्यावा की पावडर? आणि अशा केकच्या तळाशी जो ओला, रबरासारखा थर येतो तो नक्की कशामुळे? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

मोजमाप

गर वजन करूनच घ्या. मध्यम केळं सोलल्यावर १०० ते १२० ग्रॅम भरतं, मोठं असेल तर १५० सुद्धा. म्हणजे ‘तीन केळी’ एका घरात ३०० ग्रॅम होतात, दुसऱ्या घरात ४५०. वरच्या त्या दीडशे ग्रॅममध्ये शंभरहून जास्त ग्रॅम नुसतं पाणी असतं, आणि केकच्या तळाशी साचतं ते बहुतेक वेळा हेच.

२३ सेंमी लांब, १३ सेंमी रुंद लोफ टिनसाठी हे प्रमाण घ्या: केळ्याचा गर ३४० ग्रॅम, मैदा २५०, साखर १३०, तेल १००, दोन अंडी, दही ६० ग्रॅम, बेकिंग सोडा पाऊण टीस्पून, बेकिंग पावडर अर्धा टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून. साखर नेहमीपेक्षा कमी आहे ती मुद्दाम. केळं पिकत जातं तसा त्यातला जवळजवळ सगळा स्टार्च साखरेत बदलतो. काळ्या केळ्यांच्या लोफला २०० ग्रॅम साखर घातली तर गोडी बोचते आणि वरची बाजू आतलं शिजायच्या आत करपते.

गर काट्यानेच कुस्करा, लहान गुठळ्या राहू द्या. मिक्सरमधून काढलेला गर चिकट होतो आणि मिश्रण जड बसतं. अंडी, साखर, तेल, दही आणि गर एकत्र करा. मैदा, सोडा, पावडर आणि मीठ दोनदा चाळून त्यात घाला आणि स्पॅच्युलाने कट अँड फोल्ड करा, म्हणजे मधून कापत, तळापासून वर उलटत हलकेच मिसळा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबलाच पाहिजे. १७५ अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ५५ ते ६५ मिनिटं लागतात. ओव्हनचा पंखा चालू असेल किंवा टिन काचेचं असेल तर १६० अंश ठेवा. चाळीस मिनिटांनी वरचा रंग गडद वाटला तर फॉइल सैलसर झाका.

आता तो रबरी थर. जास्त गर हे पहिलं कारण. दुसरं, मैदा घातल्यावर फेटत राहणं. तिसरं, ओव्हन पुरेसा तापलेला नसणं. डायलवर १७५ आणि आत १५५ असं सर्रास असतं, म्हणून ओव्हन थर्मामीटर घ्यावाच. चौथं कारण भाजण्याशी संबंधित नाही, त्यामुळे लक्षात येत नाही: केक टिनमध्येच गार होऊ दिला की वाफ कोंडून तळ ओला होतो. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढून जाळीवर ठेवा.

टूथपिकवर पूर्ण भरवसा ठेवू नका, ती नेमकी केळ्याच्या गुठळीत गेली तर झालेला केकही कच्चा वाटतो. मधोमध तापमान ९३ ते ९६ अंश आलं की लोफ झाला.

लोणीपीठ

मोजमाप यांच्या प्रमाणाला धरून सोड्याबद्दल थोडं. सोड्याला आम्ल लागतं. केळं सौम्य आम्लधर्मी असतं, पण २५० ग्रॅम मैद्याचा सगळा सोडा वापरला जाईल इतकं नाही, म्हणून वर दही आहे. दही वगळायचं असेल तर सोडा पाव टीस्पूनवर आणा आणि पावडर दोन टीस्पून करा. सोडा पावडरच्या साधारण तीन-चार पट जोरदार असतो, त्यामुळे अदलाबदल चमच्याला चमचा करता येत नाही. उरलेला सोडा साबणासारखी चव देतो आणि केक फार गडद करतो.

ब्लूबेरीसाठी हे विशेष महत्त्वाचं. तिचा जांभळा रंग आम्लात लालसर आणि अल्कलीत निळा-हिरवा होतो. सोडा जास्त असला की प्रत्येक बेरीभोवती हिरवं कडं दिसतं. खायला त्यात वाईट काही नाही, पण भेट द्यायच्या केकमध्ये बरं दिसत नाही. ब्लूबेरी घालणार असाल तर सोडा पूर्ण काढा आणि २५० ग्रॅम मैद्याला अडीच टीस्पून पावडर घ्या. सुरकुतलेल्या बेरी १२० ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. कोरड्या पुसून, चमचाभर मैद्यात घोळवून अगदी शेवटी घाला.

केक मधे खचत असेल तर तीन गोष्टी तपासा. सोडा-पावडर जास्त झाली का, टिन दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलं का, पहिल्या चाळीस मिनिटांत दार उघडलं का.

रसाळ

पेअर तेवढाच घालू नका. केळ्याच्या गरात साधारण ७५ टक्के पाणी असतं, पेअरमध्ये ८४ च्या आसपास. ५०० ग्रॅम पेअरच्या गरात घन भाग ८० ग्रॅमच. तो केळ्याइतका दाट व्हायला गर आटवून ३२० ग्रॅमवर यायला हवा. पसरट पॅनमध्ये मध्यम-मंद आचेवर, ढवळत, वीस-पंचवीस मिनिटं. पॅनसकट आधी वजन करून ठेवा म्हणजे अंदाज करावा लागत नाही. मग पूर्ण गार करा. गरम गर घातला तर अंडी शिजतात आणि सोड्याचा जोर टिन भरायच्या आतच संपतो. हाच हिशोब पिकलेल्या आंब्यालाही लागू आहे, त्यात पाणी ८३ टक्क्यांच्या जवळपास.

पेअर आतून रवाळ लागतो. ते दाणे मिक्सरमध्येही मोडत नाहीत, गर चाळणीतून गाळावा लागतो. चवही भाजल्यावर फिकी पडते, म्हणून एक टीस्पून सुंठ किंवा दालचिनी घालाच.

खरं सांगायचं तर किलोभर मऊ पेअरचं क्रंबल (फळांवर भरभरीत पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ) करा. पाणी तिथे अडचण ठरत नाही, त्याचाच सॉस होतो. सोललेले तुकडे आणि उरलेल्या बेरी मिळून ८०० ग्रॅम, साखर ५०, कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून, लिंबाचा रस एक टेबलस्पून. वरच्या थरासाठी मैदा १५०, ओट्स ५०, साखर ८०, थंडगार बटर ९० ग्रॅम, बोटांनी चोळून भरभरीत. १९० अंशावर सुमारे चाळीस मिनिटं. कडेला बुडबुडे आले म्हणून काढू नका. मधोमध खदखदू लागेपर्यंत थांबा. कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ गेल्याशिवाय दाट होत नाही, आणि लवकर काढलेलं क्रंबल थंड झालं तरी पातळच राहतं.

ताजी_वाफ

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. आणखी दोन गोष्टी. पाहुण्यांत काहीजण अंडं खात नाहीत, तर वरचं प्रमाण कसं बदलू? आणि केळी फ्रीज करावीत की केक?

मोजमाप

अंडी काढली की केकला उभं धरणारं कमी होतं, त्यामुळे गरही कमी करावा लागतो. बरेच जण इथे उलट करतात. गर २८०, घट्ट दही एकूण १५० ग्रॅम, पावडर अर्ध्याऐवजी एक टीस्पून, बाकी तेच. साठ ते सत्तर मिनिटं लागतील. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, बिनअंड्याचा लोफ गरम असताना चुरतो.

लोणीपीठ

दोन्ही फ्रीज होतं. केळी आधी सोला. गोठलेल्या केळ्याची साल काढणं त्रासाचं काम आहे. ३४० ग्रॅमच्या पिशव्या भरा आणि वर वजन लिहा, तीन महिने छान राहतात. वितळल्यावर बरंच पाणी सुटतं. ते फेकू नका, सगळी गोडी त्यातच असते. गर चाळणीत दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या, पाणी छोट्या पातेल्यात एक तृतीयांश होईपर्यंत आटवा आणि परत गरात मिसळा.

लोफ आठ दिवस आधी करणार असाल तर फ्रीजरच हवा. मुरवलेल्या सुक्या मेव्याच्या केकसारखा हा बाहेर टिकत नाही, यात ओलावा फार; दोन-तीन दिवसांत बुरशी येते, दमट हवेत त्याआधीच. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिक रॅप आणि वर फॉइल असं दुहेरी गुंडाळा. बाहेर काढल्यावर गुंडाळलेलाच तीन-चार तास ठेवा, म्हणजे पाणी केकवर न सुटता वेष्टनावर सुटतं. भेटीसाठी हेच मिश्रण १५ सेंमीच्या तीन छोट्या टिनमध्ये वाटा, ३० ते ३५ मिनिटांत होतात.

रसाळ

फळं निवडतानाचं राहिलं. काळी साल, तपकिरी गर, सुरकुत्या, सगळं चालतं. आंबट-उग्र दारूसारखा वास, गळणारा चिकट रस किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर ते फळ पूर्ण टाका, तेवढाच भाग कापून नको. मऊ फळात बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल जातात, आणि सफरचंद-पेअर कुजताना होणारं पॅट्युलिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. बेरींच्या डब्यात एक बुरसटलेली असेल तर तिला चिकटलेल्याही काढा, बाकीच्या एकेक तपासून, धुऊन त्याच दिवशी वापरा.