प्रतिसाद: मुलुंडच्या नाक्यापलीकडची मुंबई

वर कुणीतरी लिहिलंय की मुंबई महापालिकेची मालमत्ता मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवर संपते. तसं नाहीये. तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७) आणि २०१४ साली पूर्ण झालेलं १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा ही मुंबईला पाणी देणारी तिन्ही धरणं पालिकेच्याच मालकीची आहेत, आणि ती आहेत ठाणे-पालघरच्या डोंगरांत. मुंबईला पाणी देणारं भातसा धरण मात्र राज्य सरकारचं. मोडकसागरला तर पालिकेचेच अभियंता एन. व्ही. मोडक यांचं नाव आहे.

माझं आजोळ शहापूर तालुक्यातलं. लहानपणी तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने चालायचो. उन्हात पत्रा तापलेला असायचा, पण कान लावला की आतून पाण्याची घरघर ऐकू यायची. आणि त्याच तालुक्यात आजही एप्रिल-मे आला की पाड्यांवर टँकर लागतो, हंड्यांची रांग लागते. म्हणून मला वाटतं, मालकी कुणाची यापेक्षा धरणाच्या उशाशी राहणाऱ्यांना त्यातलं किती पाणी मिळतं, हा प्रश्न मोठा आहे. पालिकेच्या प्रस्तावित गारगाई धरणासाठी वाडा तालुक्यातली गावं उठणार असतील, तर तिथल्या घराघरात नळ आधी पोचला पाहिजे.