बागेच्या आरक्षणात फेरबदल: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीमागची जागा विकास आराखड्यात सार्वजनिक बागेसाठी राखीव आहे. त्या आरक्षणात फेरबदल करण्याची पालिकेची जाहीर नोटीस आली आहे, फोटो वर टाकलाय. रस्त्याकडचा भाग वाणिज्य वापराला, उरलेल्या बागेखाली दोन मजली पार्किंग आणि स्लॅबवर पुन्हा बाग, असा प्रस्ताव आहे. मतं मोकळेपणाने मांडा. फॉरवर्ड मात्र टाकू नका.

सी-१०३: मी सरळ बोलतो. आपल्या भागात दुकानांना जागाच नाही. माझा गाळा भाड्याचा, करार संपत आला की झोप उडते. कॉम्प्लेक्स झालं तर चार जणांचा धंदा उभा राहील, पालिकेला उत्पन्न मिळेल. आणि बाग वर राहतेच आहे ना?

बी-४०२: दादा, तुमची अडचण खरी आहे आणि दुकानं हवीतच. माझं म्हणणं फक्त जागेबद्दल आहे. बागेला लागून पालिकेचीच जुनी मंडई आहे. एकमजली, अर्ध्या गाळ्यांना कुलूप. ती पाडून नवी बांधा. जमीन पालिकेचीच, आणि तिथे आधीपासून बाजारच आहे. बागेला हात लावायचं कारणच उरत नाही.

सी-१०३: ताई, वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही हो. तळमजला सोडून दुकान चालवून बघा.

बी-४०२: मान्य. म्हणून तळमजला पूर्ण दुकानांना, आणि वर दवाखाने, क्लास, बँक, ऑफिसं. तिथे लोक ठरवून जातात, त्यामुळे जिना चढतात. नव्या मंडईत जुन्या गाळेधारकांना आणि परिसरातल्या भाडेकरू दुकानदारांना आधी जागा द्या, हे आपण हरकतीत लिहू या. मी स्वतः तुमच्यासाठी तो मुद्दा घालते.

डी-२०५: अंडरग्राउंड पार्किंग आणि वर बाग ही काही वाईट कल्पना नाही. बॉस्टनला पोस्ट ऑफिस स्क्वेअरमध्ये असंच आहे. मी पाहिलंय, उत्तम चालतं. पार्किंगच्या पैशातून बागेची देखभाल होते.

बी-४०२: ते उदाहरण चांगलं आहे, पण तिथे आधी काय होतं बघा. भर बाजारपेठेत चार मजली काँक्रीटचं पार्किंग होतं. ते पाडून पार्किंग जमिनीखाली नेलं आणि १९९२ मध्ये वर नवी बाग झाली. म्हणजे शहराला नव्हती ती बाग मिळाली. आपल्याकडे असलेली बाग खणायची आहे.

ए-६०१: माझी हयात बांधकामात गेली, म्हणून लिहितो. स्लॅबवर मातीचा थर जेवढा, तेवढंच झाड. मीटरभर मातीत हिरवळ येते, झुडपं येतात, छोटी झाडं तग धरतात. बागेतला वड आणि ते चार कडुलिंब तिथे पुन्हा कधी होणार नाहीत. दुसरं, वॉटरप्रूफिंग आज ना उद्या गळतं, आणि दुरुस्तीसाठी वरची माती उकरावीच लागते. म्हणजे दर काही वर्षांनी बागेला पत्रे लागणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. मोठ्या पावसात रस्त्यावर घोटाभर पाणी असतं तेव्हा बागेत जाऊन बघा. खेळाच्या बाजूला थोडं साचतं आणि तासाभरात मुरतं. आपली बोअरवेल बागेच्या भिंतीपासून किती लांब आहे? खाली दोन मजले काँक्रीट झाल्यावर ते पाणी गटारात जाईल, नाहीतर आपल्या गेटात येईल.

ए-२०२: सकाळी मापं घेणारे आले होते. झाडांच्या बुंध्यांवर पिवळ्या रंगाने आकडे टाकलेत. वडावर १७ लिहिलंय. माझी मुलगी विचारत होती, आई, हा नंबर कशाला? मला सांगवेना.

बी-४०२: मोजणी झाली म्हणजे तोड ठरली असं नाही, ताई. झाडं तोडायला राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते, आणि ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ पासून हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. वडाचं वय किती हे सांगणारी जुनी माणसं आणि जुने फोटो शोधा. ते लगेच कामाला येतील.

सी-३०४: पण पालिकेने ठरवलंच असेल तर आपलं कोण ऐकणार?

बी-४०२: ऐकावं लागलेलं आहे. बंगळुरूमध्ये नियोजन आराखड्यात बागेसाठी ठेवलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवलं. 'तुमचा काय संबंध' असं रहिवाशांना म्हणता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट झालं. लखनौचा प्रसंग तर अगदी आपल्यासारखाच आहे. अमीनाबादमध्ये झंडेवाला पार्कखाली भूमिगत बाजार बांधायचं काम तिथल्या महापालिकेने टेंडर न काढताच एका बिल्डरला दिलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडून बाग पूर्ववत करायला सांगितलं. तोवर बांधकाम उभं राहिलं होतं, तरीही. पण माझं कळकळीचं सांगणं आहे की आपण कोर्टापर्यंत थांबू नये. खड्डा खणल्यावर मिळालेल्या निकालाने जुना वड परत येत नाही.

डी-२०५: मुद्दा पटला. पण पालिकेकडे देखभालीला पैसे नाहीत, हेही खरं आहे. एखाद्या संस्थेला चालवायला दिली तर?

बी-४०२: देखभाल द्यावी, ताबा देऊ नये. मुंबईत केअरटेकर धोरणाखाली मोकळ्या जागा संस्थांना दिल्या, आणि काही ठिकाणी तिथे सभासदांचे क्लब उभे राहिले. सामान्य माणूस गेटाबाहेर. करार करायचाच तर प्रवेश सर्वांना आणि फुकट, बांधकाम शून्य, मुदत ठरलेली. या तीन अटींवर मी कोणाशीही बोलायला तयार आहे.

सी-१०३: मंडईचा मुद्दा नक्की घालणार असाल तर माझी सही घ्या. पण 'दुकानं नकोत' असं वाक्य कुठेही नको.

बी-४०२: नसेल, शब्द देते. 'दुकानं मंडईच्या जागेवर, बाग बागेच्या जागेवर' असंच लिहिते.

सेक्रेटरी: आता कामाचं बोलू. मुदत किती आहे?

बी-४०२: नगररचना कायद्याच्या कलम ३७ खालची नोटीस आहे, म्हणजे हरकतींना एक महिना. राजपत्रातली तारीख धरायची, आपण नोटीस वाचली ती नाही. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते, म्हणून एक प्रत नगररचना विभागालाही देऊ. प्रत्येकाने आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच घ्यावी आणि 'सुनावणीला हजर राहू इच्छितो' ही ओळ जरूर लिहावी. ए-६०१ काका, पाण्याचा आणि स्लॅबचा भाग तुम्हीच लिहून द्याल का?

ए-६०१: आज रात्री देतो. बोअरवेलच्या पातळीची जुनी नोंदवही ऑफिसच्या कपाटात आहे, सेक्रेटरीसाहेब, ती काढून ठेवा.

ए-२०२: आमच्या घरून एकच हरकत द्यायची, की मी आणि सासूबाई दोघींनी?

बी-४०२: दोघींनी, वेगवेगळ्या. आणि आजी रोज सकाळी तिथे कोणत्या बाकावर बसतात, गुडघ्यांमुळे त्याहून लांब का जाऊ शकत नाहीत, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. छापील मजकुरावर नुसती सही नको.