मदत हवी आहे: रताळ्याला कोंब आलेत, पण मागच्या वर्षी नुसता वेल माजला होता

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत घर आहे, वर गच्ची आणि गच्चीवर माझं थोडंफार माळवं. महाशिवरात्रीच्या उपासाला आणलेल्या रताळ्यांपैकी तीन कांद्याच्या टोपलीत तळाशी राहून गेली. परवा टोपली उपडी केली तर तिन्हींना जांभळट कोंब! एकाचे तर वीतभर झालेत, पानंही फुटायला लागलीत.

सासूबाई म्हणतात, "टाक मातीत, येतंय आपोआप." मागच्या वर्षी तसंच केलं होतं. अख्खं रताळं मोठ्या कुंडीत पुरलं. नदीकडच्या मळ्यातली काळी माती, तेवढंच शेणखत, वर दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी. वेल असा सुटला की कठडा ओलांडून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्यांपर्यंत गेला. येईल-जाईल त्याला मी कौतुकानं दाखवत होते. दसऱ्याला कुंडी उलटी केली तर करंगळीएवढ्या मुळ्या, आणि मी पुरलेलं रताळंच वेडंवाकडं फुगून बसलेलं. सासरे म्हणाले, "असू दे, पाल्याची भाजी तरी खाल्ली की." (ती खरंच बरी झाली होती, लसूण घालून.)

यंदा फजिती नको आहे. अख्खं रताळं पुरायचं की कोंब काढून लावायचे? मे महिन्याचं ऊन बघता आत्ता लावू की पाऊस पडल्यावर? आणि काळ्या मातीचं काय करू, गच्चीवर तीच भरून ठेवली आहे. अजून एक, तीनपैकी एका रताळ्यावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत. ते लावलं तर चालेल का?

– कृष्णाकाठ

मळेकरी: ताई, तुमचा वेल उपाशी नव्हता, अजीर्ण झालं होतं त्याला. निम्मं शेणखत आणि वर पेंड, म्हणजे सगळं नत्र (नायट्रोजन). नत्र जास्त झालं की रताळं पाल्यावर जातंय. पोसायचं सोडून नुसतं पसरतंय.

आमच्या वाळव्याकडं शेतात कोणी रताळं पुरत नाही. वेलाचे शेंड्याकडचे वीत-दीड वीत तुकडे छाटायचे, तेच बेणं. तुमच्याकडं वेल नाही, म्हणून आधी कोंब वाढवायचे. पसरट टोपलीत ओलसर वाळू नाहीतर कोकोपीट घ्या, रताळी आडवी ठेवून अर्धी बुडवा. वीतभर कोंब झाला की वाळूच्या वर बोटभर ठेवून कात्रीनं कापा. खालून परत फुटतंय. कापलेले कोंब चार-पाच दिवस पाण्यात ठेवले की पांढऱ्या मुळ्या सुटतील. मग लावताना दोन-तीन पेरं मातीखाली गेली पाहिजेत, मुळं तिथूनच सुटतात. ग्लासात काड्या टोचून ठेवलेलं रताळं दिसायला झकास, पण पाणी बदलायला विसरलात की कुजतंय.

भोकाचं रताळं लावू नका. ते दुसऱ्या कुणी सांगेल नीट, मी पाणी पाजायला निघालोय.

घाटमाथा: मी सांगते. (पाटणकडची, आमच्याकडं तांबडी माती आणि धो धो पाऊस.) ती भोकं बहुतेक सोंड्या भुंग्याची. अंडी रताळ्यात घालतो, अळी आत पोखरत जाते. असं रताळं शिजवलं तरी कडूजहर लागतं, कीस करताना एक फोड गेली तर सगळी कढई वाया. खाऊही नका, लावूही नका आणि कंपोस्टच्या पिंपात तर मुळीच टाकू नका. पिशवीत बांधून उन्हात ठेवा, मग फेकून द्या. बाकीची दोन शेजारीच होती ना? कापून नको, पण दाबून-वास घेऊन नीट बघा.

हा भुंगा मातीला भेगा पडल्या की त्यातून आत जातो. काळी माती वाळली की भेगाळते, तुमचा धोका तिथे आहे. लावल्यावर महिन्याभरानं बुडाशी मातीची भर लावा आणि वर उसाचं पाचट पसरा. सांगलीत पाचटाला काय तोटा!

आणि वेल उचलत जा. जमिनीवर लोळला की पेरापेराला मुळं धरतो आणि बुडातलं रताळं पोसत नाही. आमच्याकडं भांगलताना (तण काढताना) वेल उलटून टाकतात. गच्चीवर कठड्याला सोडलात तर तो प्रश्न येत नाही, फक्त साड्या सांभाळा.

कृष्णाकाठ: साड्यांवरून अजून टोमणे ऐकतेय हो. मातीत चुलीची राख घालू का? पालाश (पोटॅश) मिळतं म्हणतात.

मळेकरी: मूठभर घाला की, आमची आई घालायची.

घाटमाथा: मी नाही म्हणेन. आमच्या तांबड्या मातीत राख चालते. कृष्णाकाठची काळी माती आधीच विम्लधर्मी (आम्लाच्या उलट), राखेनं ते आणखी वाढतं. कितीतरी रानं क्षारपड, म्हणजे क्षार साचून नापीक झालीत तिथली. रताळ्याला किंचित आम्ल माती मानवते. पालाश द्यायचंच तर सल्फेट ऑफ पोटॅश चमचाभर द्या, कृषी सेवा केंद्रात मिळतं. माती हलकी करणं जास्त गरजेचं: काळी एक घमेलं, तांबडी एक, कोकोपीट एक, जुनं शेणखत अर्धं. लावायची पिशवी (ग्रो बॅग) निदान फूटभर खोल आणि दीड फूट रुंद, तिला एक किंवा दोनच कोंब. चार लावायचा मोह होतो, आवरा.

मळेकरी: हे बाकी बरोबर. आमच्या शिवारातली निम्मी भांडणं त्या क्षारावरूनच आहेत. आणि लावायचं जूनच्या पहिल्या पावसानंतर. आत्ता कोंब तयार करा, ऊन तोवर उतरतंय.

कृष्णाकाठ: बारा दिवसांनी आलेय. भोकाचं कापून बघितलं (राहवलं नाही), आत काळी भुयारं आणि एक पांढरी अळी. सासूबाईंनी सुरी उकळत्या पाण्यात टाकायला लावली. बाकी दोघांपैकी एक मऊ पडून गेलं. उरलेल्या एकाचेच सात कोंब निघाले, आज कापून स्टीलच्या पेल्यात ठेवलेत. एक सासूबाईंनी परस्पर कढीपत्त्याच्या कुंडीत खोचला आहे, "माझा माझा बघते" म्हणून.

शेवटचा प्रश्न: काढायची वेळ कशी ओळखायची? मागच्या वेळी दसरा धरून चालले होते.

मळेकरी: साधारण चार महिने धरा, खालची पानं पिवळी पडतात. नक्की करायचं तर एक रताळं उकरून कापा. चीक तसाच पांढरा वाळला तर तयार. काप हिरवट-काळा पडला तर अजून पंधरा दिवस दम धरा. काढायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करा. काढल्यावर धुऊ नका, आठवडाभर सावलीत पसरून ठेवा, साल पक्की होते आणि गोडीही वाढते.

कढीपत्त्यातला कोंब मात्र आत्ताच उपटा. सासूबाईंना माझं नाव सांगा.

कृष्णाकाठ: तुम्हीच येऊन सांगा. मी त्या कुंडीला हात लावणार नाही.