मदत हवी आहे: अबॅकस (Abaqus) सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये लोडचा दणकाच गळतोय

रबाळे एमआयडीसीतल्या एका पॉवर प्रेसच्या फ्रेमचं मॉडेल आहे. अबॅकस स्टँडर्ड, दोन स्टेप: आधी स्टॅटिकमध्ये बोल्ट प्रीटेन्शन (बोल्ट आवळल्याचा ताण), मग डायनॅमिक इम्प्लिसिट (वेळेनुसार बदलणारा लोड). लोड सेलचा (बल मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा टॅब्युलर अँप्लिट्यूडमध्ये, म्हणजे वेळ आणि लोडच्या तक्त्यात, भरलाय. स्ट्रोक 1 सेकंदाचा, त्यात खरा दणका जेमतेम 20 मिलिसेकंदांचा.

ऑटोमॅटिक इन्क्रिमेंट (वेळेचं प्रत्येक पाऊल किती मोठं ते सॉफ्टवेअरच ठरवतं) ठेवलं की सॉल्व्हर शांत भागात लांब उड्या मारतो आणि दणका ओलांडूनच जातो. रिॲक्शन फोर्समध्ये शिखर दिसतच नाही. कमाल इन्क्रिमेंट 1 मिलिसेकंद केलं की शिखर नीट येतं, पण सलग 10 स्ट्रोक चालवायचे आहेत आणि रन रात्रभरातही संपत नाही.

अँप्लिट्यूड स्टेप टाइमवरच आहे, युनिट्स तपासलीत. लोड थेट फोर्स आहे, म्हणजे स्मूदिंगचा (तक्त्यातले कोपरे गोल होण्याचा) प्रश्न नाही. मेश बारीक असल्याने एक्स्प्लिसिट (फार लहान वेळ-पावलांची पद्धत) नको. फोर्ट्रान कंपायलर नाही, तेव्हा सबरूटीनही (स्वतः लिहिलेला कोड) सुचवू नका, प्लीज.

आउटपुटचे टाइम पॉइंट्स फक्त दणक्याच्या काळात दाट दिले, तर सॉल्व्हर तिथे खात्रीने लहान इन्क्रिमेंट घेईल का? की प्रत्येक दणक्याला वेगळी स्टेप करणंच बरं?