शब्दचर्चा : आईच्या डोळ्यांतली 'व्हिस्कॉसिटी'

रंकाळाकाठ : आईचे डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे थेंब दिलेत. दिवसा ०.५ टक्के, रात्री १ टक्का. तिला मराठीत लिहून देताना 'व्हिस्कॉसिटी जास्त'चं (म्हणजे द्रव सहज वाहत नाही, याचं) मी 'चिकटपणा जास्त' केलं. झालं! "पापण्या डकवायच्यात होय माझ्या?" म्हणून रात्रीची बाटली फ्रीजवर जाऊन बसली. दुसरा शब्द सुचवा.

निवृत्त मास्तर : श्यानता. 'श्यान' म्हणजे थिजलेलं, घट्ट झालेलं. काही जण विष्यंदिता म्हणतात, त्यातला 'स्यंद्' म्हणजे वाहणं. एक शब्द थिजण्यावरून, दुसरा वाहण्यावरून, अर्थ मात्र एकच! आयुर्वेदात डोळे येण्याला अभिष्यंद म्हणतात, तोही याच धातूचा. आईंसमोर यातलं काही काढू नका.

काहिल : भावा, सरळ 'दाट' लिही की. काकवी दाट, तसंच.

निवृत्त मास्तर : काकवी इथं फसवते. तापली की पातळ होते, पण ढवळून होत नाही. हळू फिरवा नाहीतर जोरात, दाटपणा तोच. अश्रूंचं तसं नाही. डोळा उघडा असताना ते दाट राहून बुबुळावर टिकतात, पापणी झपकन मिटते तेव्हा पातळ होऊन तिला सरकू देतात, की पुन्हा दाट. लांबलचक रेणू स्वस्थ असताना एकमेकांत गुंतलेले असतात, ओढ बसली की प्रवाहाच्या दिशेनं सरळ होतात. हायल्युरॉनिक आम्लाच्या थेंबांत हा गुण चांगला उतरतो.

रंकाळाकाठ : म्हणजे भिंतीच्या रंगासारखं? ब्रशखाली पळतो, भिंतीवर थांबतो.

काहिल : अहो मास्तर, गुळाची मळी काढायला आम्ही रसात भेंडीचं पाणी घालतो. दाट असतंय, पण बोटांत गावत नाही. बुळबुळीत!

निवृत्त मास्तर : वा! त्यातही लांब साखळ्यांचेच रेणू. पण परिभाषेत श्यानताच राहू दे. ती सेंटिपॉइजमध्ये मोजता येते, २० अंश सेल्सिअसला पाण्याची साधारण १. बुळबुळीतपणा कशात मोजणार?

रंकाळाकाठ : आईला 'बुळबुळीत' सांगून बघितलं. "शेंबडासारखं?" म्हणाली. शेवटी लिहिलं, 'रात्रीचे थेंब जरा दाट. घातल्यावर थोडा वेळ धुरकट दिसेल.' बाटली फ्रीजवरून खाली आली.